तेराव्या मात्रेवर

बाई, तुम्ही बनारसच्या झालात. मला हे मंगळवारी कळलं, कुरिअरवाल्यानं माहितीपत्रिका दारात टाकली तेव्हा. जाड गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं, मधोमध तुमचा फोटो, आणि फोटोत तुमच्या मागे एक तंबोरा. तुमच्या खोलीत मोडक्या हातमागाचा सांगाडा होता, गव्हाची कोठी होती, भिंतीला टेकवलेली भावाची सायकल होती. तंबोरा मी तिथे कधी पाहिला नाही. तो कुणीतरी कॉम्प्युटरवर उभा केलाय. खाली लिहिलंय, ‘बनारस घराण्याचा समृद्ध वारसा विदर्भाच्या मातीत रुजविणाऱ्या थोर साधिका.’ एकतीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले, पण लाल पेन अजून पर्समध्ये असतं. ते काढलं आणि बनारसवर एवढ्या जोरात काट मारली की कागद फाटला. तुमच्या नावाचा नृत्यसमारोह रविवारी आहे. तुमच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी हयात आणि चालतीफिरती अशी सगळ्यात जुनी मी, म्हणून मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. आज शनिवार. दुपारची जेवणं झाली आहेत, कूलर घरघरतोय, आणि त्या पाच मिनिटांत काय बोलायचं हे ठरवायला बसले तर हात तुम्हालाच लिहायला लागला.

बनारस म्हणे. आयुष्यात तुम्ही एका बाजूला उमरेड आणि दुसऱ्या बाजूला छिंदवाडा, याच्या पलीकडे गेला नाहीत. उमरेडला मामांचे माग होते म्हणून, आणि छिंदवाड्याला एकदा, माझ्याचमुळे. तुम्ही कोष्ट्यांच्या गल्लीतल्या. इतवारीतून भांड्यांची दुकानं ओलांडून आत गेलं की ज्या गल्लीत दिवसभर खटक-खटक ऐकू यायचं, तिथल्या. नवरा लवकर गेला, तुम्ही माहेरी परत आलात, आणि वडिलांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या एका म्हाताऱ्या कथकवाल्याचे बोल ऐकत बसलात. तो व्यापाऱ्यांच्या मुलींना शिकवायचा. खाली तुमचे हात कांडीवर आणि पाय त्याच्या बोलांवर. एके दिवशी तो जिना उतरून आला आणि त्यानं विचारलं, इथून कोण बरोबर वाजवतंय? त्याचं घराणं तुम्हाला ठाऊक नव्हतं. त्यालाही बहुधा नसावं. कुणी विचारलंच तर तुम्ही म्हणायच्या, ‘आमचं घराणं मागाचं.’

आपली भेट कुठल्या रंगमंचावर झाली नाही. धंतोलीतल्या एका प्रसूतिगृहात तुम्ही आया होता आणि माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आई तिथे आठ दिवस होती. मी नऊ वर्षांची, कॉन्व्हेंटच्या गणवेशात, तोंड फुगवून व्हरांड्यात बसलेली. तुम्ही बेडपॅन धुऊन आलात, पदराला हात पुसलेत आणि फरशीवर पाय वाजवून दाखवलेत. आधी चार, मग आठ, मग सोळा. सुटी होऊन घरी जायची वेळ आली तेव्हा मी त्या व्हरांड्यातून हलेना. वकिलाच्या मुलीनं कोष्ट्यांच्या गल्लीत नाच शिकायला जायचं म्हणजे आमच्या घरात केवढा गहजब. पण आईनं वडिलांना सांगितलं, निदान पोरीची पाठ सरळ राहील. माझी पाठ अजून सरळ आहे. परवा मेट्रोत एका तरुणानं उठून मला जागा देऊ केली, तेव्हा त्याला तसं सांगितलंही.

तुमच्याकडे तबला नव्हता. होता तो वडिलांचा जुना धोटा. विणताना धागा इकडून तिकडे नेणारं ते होडीसारखं लाकूड, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. तो तुम्ही पाटावर आपटायच्या आणि आम्ही पाच-सहा मुली सोळा मात्रा पायांनी मोजायचो. सम म्हणजे पहिली मात्रा. फिरून फिरून सगळ्यांनी एकदम तिथे येऊन पोचायचं. मी बारापर्यंत ठीक असायची. तेरावी आली, सम जवळ दिसायला लागली, की मला धीर धरवायचा नाही. मी पळायची आणि सगळ्यांच्या आधी जाऊन एकटीच पोचायची. धोटा थांबायचा. ‘काहून पळते वं तेराव्यावर? सम काय गाडी हाये, सुटून जाईन?’ बाकीच्या मुली हसायच्या. मी रागानं लाल. मग तुम्ही आत जाऊन पाटोडीचा रस्सा गरम करायच्या आणि पहिली वाटी मला द्यायच्या. आमच्या घरात हिरवी मिरचीसुद्धा चिरून बाजूला ठेवलेली असायची, आणि तुमच्याकडे मी नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत खायची. डोळे लाल का, असं आईनं विचारलं की सांगायची, आज खूप चक्कर घेतले. खोटं बोलायचा सराव तेव्हापासूनचा.

तर मंगळवारी मी समारोहाच्या संयोजक मुलीला फोन केला. आता नाचाचे वर्ग चालवते, तीसेक वर्षांची असेल, चुणचुणीत आहे. चांगली वीस मिनिटं मी तिला सुनावलं. म्हटलं, बाईंना आया म्हणायची तुम्हाला लाज वाटते का? कोष्टी म्हणायची वाटते का? हा तंबोरा कुणाचा? तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मॅम, मी संध्याकाळी येते. आमच्याकडे लेखी पुरावा आहे.’ मी म्हटलं, अवश्य आण. संध्याकाळी ती आली, पावभर बालुशाही घेऊन. वर पिशवीतून तुमच्या भाचीनं प्रदर्शनासाठी दिलेल्या वस्तू काढल्या. धोटा. घुंगरांची जोडी. आणि करवती काठाच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला आमच्या शाळेचा वार्षिक अंक. मला तो दुरूनच ओळखू आला. तिनं खुणेचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. इंग्रजीतला परिच्छेद, त्यात एका शब्दाखाली पेन्सिलीची जाड रेघ. तो शब्द बनारस. ‘बाईंनी स्वतः अधोरेखित केलंय मॅम,’ ती म्हणाली, ‘आणि खाली तुमचंच नाव आहे.’ मी तिला चहा दिला. 

सोळा वर्षांची होते मी. शाळेच्या स्नेहसंमेलनात माझा नाच होता आणि त्याआधी मीच इंग्रजीत गुरूंची ओळख करून द्यायची होती. माझ्या आधी जी मुलगी नाचणार होती तिच्या बाई संगीत महाविद्यालयातल्या, पदवी वगैरे असलेल्या. आदल्या आठवड्यात सिस्टरनी मला बोलावून विचारलं, तुझ्या शिक्षिकेचं घराणं कोणतं? त्यांच्या टेबलावर कोरा कागद होता आणि उघडं पेन. मागाचं, असं मी म्हणू शकले असते. पण माझ्या डोळ्यांपुढे आला आईचा लग्नातला बनारसी शालू, जो कपाटातून वर्षातून एकदाच निघायचा आणि ज्याला हात लावायच्या आधी हात धुवावे लागायचे. मी म्हटलं, बनारस. एवढंच. सिस्टरच्या भुवया कौतुकानं वर गेल्या. पुढचं मग आपोआप लिहिलं गेलं, जुनं घराणं, पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा आणि काय काय. कार्यक्रमाला तुम्ही दुसऱ्या रांगेत बसला होता. दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची सुटी घेऊन आलेल्या, खळ घातलेलं करवती काठाचं लुगडं, वडिलांनी विणलेलं. मी माइकवरून तुमच्याबद्दल बोलतेय आणि तुम्हाला त्यातलं एक अक्षर कळत नाही. माझ्याकडे बघून हसताय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तुम्हीही वाजवल्यात. स्वतःसाठी नव्हेत, माझ्या इंग्रजीसाठी.

इथपर्यंत पोरवय म्हणून सोडून देता येईल. पुढचं नाही. माझी ती इंग्रजी ओळख शाळेच्या अंकात छापून आली आणि सिस्टरनी अंकाची एक प्रत तुम्हाला भेट दिली. त्यानंतर महिन्याभरानं आपण छिंदवाड्याला निघालो, तिथल्या एका मंडळाच्या नृत्यस्पर्धेला. इतवारी स्टेशनावरून सुटणारी छोट्या रुळांची गाडी. ती इतकी हळू चालायची की चढावर माणसं उतरून पाय मोकळे करून परत चढायची. तुमच्या मांडीवर पाट, पाटावर पिशवी, पिशवीत धोटा. समोरच्या बाकावर संत्र्यांच्या टोपल्या घेऊन एक बाई, ती तुम्हाला विचारतेय, पाट घेऊन कुठं चालल्या बापा, लग्नाले का? तुम्ही म्हणालात, पोरीले नाचवाले. सौसर गेलं. बाहेर पळस फुललेत. तुम्ही पिशवीतून अंक काढलात, लुगड्याच्या त्याच तुकड्यातून, आणि माझ्या हातात दिलात. ‘यात माह्याबद्दल काय लिहून हाये वं? वाचून सांग ना.’

मी वाचलं, बाई. ओळींवरून बोट फिरवत, एकेका वाक्याला थांबत मी तुम्हाला मराठीत सांगितलं. आमच्या बाई नागपूरच्या विणकर घरातल्या. त्यांचा ताल मागाचा. वडील विणत होते तेव्हा बाजूला बसून त्या लय शिकल्या. यातलं एकही वाक्य कागदावर नव्हतं. वाचता वाचता मी रचत होते, आणि छान रचत होते. तुम्ही खिडकीबाहेर बघत ऐकत होता.  मग विचारलंत, मागाला इंग्रजीत काय म्हणतात. मी म्हटलं, लूम. ‘मंग दाखव, कुठं हाये तो शब्द.’ आणि बाई, मी बोट ठेवलं. एका क्षणात कुठेतरी ठेवायचं होतं, सगळ्यात ठळक शब्द तोच दिसत होता. मी बनारसवर बोट ठेवलं. तुम्ही त्या शब्दावरून अंगठा फिरवलात, काठाचा धागा तपासतात तसा. समोरच्या बाईला म्हणालात, ‘बाबाचा माग इंग्रजीत छापून आला.’ तिनं तुम्हाला एक संत्रं दिलं. तुम्ही ते सोलून अर्धं मला दिलंत. छिंदवाड्याला मी तेराव्यावर पळाले आणि उत्तेजनार्थ बक्षीस घेऊन आले.

त्यानंतर तुम्ही ते किती जणांना सांगितलंत. गल्लीत आलेल्या प्रत्येक पाहुण्याला, नव्या मुलींच्या आयांना, माझ्या लग्नात माझ्या सासूला. ही पोरगी, हिनं सिस्टर लोकांपुढं इंग्रजीत सांगतलं का बाईचा ताल मागाचा हाये. दर वेळी मी मान खाली घालायची, आणि लोकांना वाटायचं मुलगी विनयशील आहे. माझ्याबद्दल असा गैरसमज एरवी कुणाचा कधी झाला नाही. मी नाच सोडला चोविसाव्या वर्षी, नोकरी लागली, बदल्या झाल्या, आणि येणं कमी कमी होत गेलं. नोकरी, संसार ही कारणं खरी होती. पण तुमच्या ओट्यावर बसलं की पाचव्या मिनिटाला तो अंक निघणार हेही एक होतं. तुम्ही गेलात त्याला बावीस वर्षं झाली. शेवटच्या वेळी मी तुम्हाला भेटायला आले तेव्हा तुम्हाला धड बोलता येत नव्हतं. तुम्ही माझ्या मनगटावर बोटांनी ताल धरलात आणि मला वाटलं, आता सांगावं. भाची औषध घेऊन आत आली. मी म्हटलं, पुन्हा येईन.

तीन वर्षांपूर्वी बनारसला गेले होते. मैत्रिणी देवदर्शनाला गेल्या, मी म्हटलं मला गुडघे आहेत, मी इथेच घाटावर बसते. खरं म्हणजे मला ते गाव एकटीनं बघायचं होतं, ज्याच्या माथी मी तुम्हाला मारलं होतं. नावाडी अंगावर येत होते, एक गाय माझ्या पर्समध्ये तोंड घालत होती, आणि मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. परत येताना रस्ता चुकले. बोळातून बोळात शिरत गेले आणि एका खिडकीपाशी पाय थांबले. आतून खटक-खटक येत होतं. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून एक म्हातारे गृहस्थ शालू विणत होते. त्यांनी मान वर केली, आइए बहनजी, म्हणाले. त्यांना वाटलं, गिऱ्हाईक. मी पायरीवर बसले. माझे पाय चपलेतल्या चपलेत मोजायला लागले. त्या शालूंच्या गावातही आवाज तोच होता, बाई, तुमच्या गल्लीतला. ज्या दोन गोष्टींत मी सोळाव्या वर्षी उच्च-नीच केलं त्या एकाच लाकडातून निघत होत्या. मी काही विकत घेतलं नाही. त्या गृहस्थांनी रागानं पाहिलं, आणि त्यांचं बरोबर होतं.

संयोजक मुलीला मी अजून काही सांगितलेलं नाही. चहा पिऊन ती म्हणाली, मग बनारस राहू द्यायचं ना मॅम? मी म्हटलं, रविवारी बघू. आता दोन भाषणं लिहून समोर ठेवली आहेत. एकात बनारसचा उल्लेख नाही. तुमच्या आठवणी, रस्सा, शिस्त, टाळ्या. कुणाला काही कळणार नाही आणि पत्रिका खरी ठरेल. दुसऱ्यात अंक आहे, गाडी आहे आणि माझं बोट आहे. ते वाचलं तर समोर बसलेले माझे निम्मे विद्यार्थी, ज्यांना मी जन्मभर कॉपी करण्यावरून फाडून खाल्लं, त्यांचा दिवस फार छान जाईल. धोटा मी त्या मुलीकडून रविवारपर्यंत मागून घेतला आहे. आत्ता स्वयंपाकघरात पाट घेऊन बसले आणि वाजवून पाहिला. मोलकरीण म्हणाली, मॅडम, तब्येत बरी हाये ना?

सोमवार, सकाळ.

दुसरं वाचलं. वाचलं म्हणजे कागद हातात होता, पण चष्मा खुर्चीवरच राहिला होता, त्यामुळे बोलावंच लागलं. इंग्रजीत बोलायची सवय, तरी मुद्दाम मराठीत बोलले. म्हटलं, या पत्रिकेतलं बनारस माझं आहे, बाईंचं नाही. सोळा वर्षांची असताना मी ते लिहिलं आणि नंतर बाईंना खोटं वाचून दाखवलं. अंकात खाली रेघ मारलेल्या त्या शब्दाला त्या माग समजत होत्या.  मग मी धोट्यानं टेबलावर सोळा मात्रा वाजवल्या, आणि आत विंगेत सजून उभ्या असलेल्या लहान मुलींनी आपणहून पाय मारायला सुरुवात केली. संयोजक मुलगी रडत होती. तिच्या पाचशे पत्रिका वाया गेल्या, ते कारणही असेल.

कार्यक्रमानंतर तुमची भाची भेटली. पायऱ्यांवर चपला शोधत होती, एका हातात अल्पोपाहाराचं खोकं. मी तिची क्षमा मागायला लागले. तिनं खोकं माझ्या हातात दिलं आणि वाकून चप्पल ओढता ओढता म्हणाली, ‘आत्याले मालूम होतं ना मॅडम. त्याच वर्षी दवाखान्यातल्या डॉक्टरीनबाईनं वाचून दाखवलं तिले.’ मी विचारलं, मग त्या सगळ्यांना तसं का सांगत राहिल्या? माझ्यादेखत? भाची म्हणाली, ‘मी पण इचारलं होतं तिले एकदा. तर हासली. म्हणे, पळाली पोरगी तेराव्यावर. येते कधी तरी समेवर.’ आणि खोकं परत घेऊन ती रिक्षा बघायला गेली.

म्हणजे ओट्यावर दर वेळी तो अंक काढून तुम्ही ताल देत होता. आणि मी मान खाली घालून बसत होते. बाई, तुमच्यासारखी खट बाई मी दुसरी पाहिली नाही. काल घरी आल्यापासून मी तुमच्यावर चिडले होते, आज सकाळी चहा करताना एकटीच हसले.

प्रदर्शनातला अंक मी काल घरी आणला, तो आज दुपारी भाचीकडे परत द्यायचा आहे. हे कागद त्याच्या त्या पानात घालावेत असं मनात होतं, पण भाचीची सून चांगली शिकलेली आहे, वाचून काढेल. म्हणून माझ्याच कपाटात ठेवते, आईच्या शालूखाली. एकच राहिलं. काल स्टेजवर मी म्हटलं की शाळेत त्या टाळ्या वाजल्या तेव्हाच मला मनातून लाज वाटली होती. लोकांना ते फार आवडलं. तसं झालं नव्हतं. टाळ्या वाजल्या तेव्हा मला खूप आनंद झाला होता.